लेट्रोझोलने आईची हाडं ठिसूळ होतील का? गोळी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की आई 59 वर्षांच्या आहेत, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, आणि 'त्या गोळीने हाडं भुसभुशीत होतात' असं शेजारणीकडून ऐकल्यापासून आठवडाभर त्यांनी लेट्रोझोल घेतलेली नाही. कृपा करून आजच डॉक्टरांना फोन करा. अशी परस्पर गोळी सोडू देऊ नका.

शेजारणीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पाळी गेल्यावरही अंगातल्या चरबीत थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, तयार होतच असतं. ही गोळी तेच रोखते. गाठीला खतपाणी मिळत नाही, पण हाडांचाही आधार जातो. म्हणून गोळी चालू ठेवून हाडं सांभाळायची.

मी गिरगावात राहते, चौथं वर्ष चालू आहे लेट्रोझोलचं. पहिली दोन वर्षं मला कुणी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायला सांगितलंच नाही. एका सकाळी मोरीत बादली उचलताना पाय सरकला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने! मग स्कॅन झालं. कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनतेचा आकडा, उणे 2.7. उणे 2.5 पासून खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली, धरतात. स्कॅनला दहा-पंधरा मिनिटं नुसतं पडून राहायचं असतं, काही दुखत नाही. गोळी सुरू करतानाच ते व्हायला हवं होतं, याचा मला अजून राग येतो.

आता दर 6 महिन्यांनी सलाइनमधून हाडांची झीज रोखणारं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड घेते. पहिल्या रात्री ताप आला, अंग ठणकलं, दोन दिवसांत उतरलं. पाळी गेलेल्या बायकांत या औषधाने कॅन्सर हाडांत परतण्याची शक्यताही थोडी कमी होते. ते देण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, मूत्रपिंड नीट चालतंय ना ते बघायला. आणि दाढ काढायची असेल तर ती आधीच काढून घ्या, नंतर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. त्याऐवजी हाडांसाठीच डेनोसुमॅबचं इंजेक्शन दिलं तर त्याची तारीख चुकवायची नाही, मनाने बंद तर मुळीच करायचं नाही. ते अचानक थांबलं की मणके मोडू शकतात.

सकाळी बोटं आखडतात, गुडघे धरतात, ते सांध्यांचं दुखणं. हाडं झिजण्याचा त्याच्याशी संबंध नाही. तेही डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून देता येते.

जेवणातलं धरून दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीची भाकरी, तीळ, दही आहेच, पण ड जीवनसत्त्व रक्तातून तपासाच. मुंबईत एवढं ऊन, तरी आपण सावलीतच असतो. रोज चालायला न्या त्यांना.

आणि मोरीत धरायला दांडा बसवून घ्या. आमच्याकडे मिस्त्रीने तासाभरात बसवला, माझं मनगट मोडल्यानंतर.