गावाहून आणलेली आई बोलेनाशी होते तेव्हा

"मॅडम, आईला काही कमी पडू देत नाही. तरी दिवसभर गप्प बसून असते. गावी परत सोडू का?"

धुळ्यात हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारा मुलगा बहुतेक वेळा अपराध्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसलेला असतो. हाही तसाच. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) वडील गेल्यावर त्यानं आईला अमळनेर तालुक्यातल्या गावातून इथे देवपुरात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. वेगळी खोली, टीव्ही, कूलर, सगळं दिलं.

आधी कान तपासून घ्यायला सांगितले, शिवाय थायरॉईड आणि बी-१२. कमी ऐकू येणारं माणूस हळूहळू बोलणं सोडतं आणि घरच्यांना तो हेकटपणा वाटतो. जेवण-झोप उडाली असती, दोन आठवडे मन उदासच राहिलं असतं, तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तसं काही नव्हतं.

मग त्याच्या आईला, म्हणजे मावशींना, एकटीला बसवलं. "कसं वाटतं?" या प्रश्नाला "बरं शे" यापलीकडे काही मिळत नाही, हे मी आता शिकलेय. म्हणून विचारलं, "मावशी, दारातून बाहेर पडलं की पहिलं घर कोणाचं?"

त्या बोटांवर मोजत सांगू लागल्या. शेजारची, तिची सून, समोरचा किराणा, पुढे पार, मारुती. कोण सकाळी चुलीला विस्तव मागायला यायची, कोणाच्या लेकीचं बाळंतपण यांनी केलं. वीस मिनिटं गेली. मग एकदम थांबून म्हणाल्या, "आठे समदास्ना दार लायेल ऱ्हातस. मी कोनले हाक मारू?" इथे सगळ्यांची दारं लावलेली, हाक मारायची कोणाला?

बॉस्टनमधली एक जुनी वस्ती पाडून तिथल्या लोकांना दुसरीकडे हलवलं, तेव्हा मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञानं त्यांचा अभ्यास केला होता. घरचं माणूस गेल्यासारखं दुःख त्यांच्यातल्या अनेकांना झालं होतं, असं त्यानं १९६३ साली लिहिलं. मावशींचा तर नवराही गेला आणि पाठोपाठ वट्टाही, म्हणजे दारापुढचा ओटा.

इथे माझी चूक सांगते. मी त्यांना भजनी मंडळात जायला सुचवलं. दोनदा गेल्या, मग बंद. "तठे जानं पडस," तिथे जावं लागतं, एवढंच म्हणाल्या. बरोबरच होतं. वट्ट्यावर कोणी 'जात' नाही. माणूस तांदूळ निवडत बसलेलं असतं आणि जाणारी-येणारी आपणहून थांबते. फ्लॅटची बेल वाजवायची तर काही कारण लागतं, आणि कारण काढून कोणाकडे जाणं मावशींना आयुष्यात कधी करावंच लागलं नव्हतं.

होळी होऊन गेली होती. मुलाला म्हटलं, "सोसायटीच्या गच्चीची किल्ली मिळव. यंदा बिबडे घरी करा." तो हसला, ज्वारीचे हे पापड बाजारात तयार मिळतात. पण किल्ली आणली. एकटीनं बिबडे होत नाहीत, हेच मला हवं होतं. घाटा, म्हणजे शिजवलेलं पीठ, गरम असतानाच थापावा लागतो. एकीनं ओलं फडकं धरायचं, दुसरीनं थापायचं, तिसरीनं खाटेवर उलटायचं. मावशींनी पहिल्या दिवशी सुनेला धरलं. वासानं खालच्या मजल्यावरची शिरपूरची बाई वर आली, मुलं वाटीत घाटा आणि तेल मागू लागली. ऊन चढेपर्यंत पाचजणी झाल्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. अजून गावाची आठवण काढून रडतात. गावचं घर विकायचं नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस तिकडे जायचं, हे मुलाकडून कबूल करून घेतलंय. पण संध्याकाळी आता खाली वॉचमनच्या खुर्चीशेजारी त्यांचा पाट असतो.

शेवटच्या भेटीला मी दार उघडून बोलावलं तर उठल्याच नाहीत. बाहेरच्या बाकावर शेजारच्या बाईला विचारत होत्या, "तुम्हनं माहेर कोनतं?" ती म्हणाली, पारोळा. मावशी सरसावून बसल्या. त्यांच्या मावसबहिणीचं सासर तिथलंच निघालं, आणि मी दार लोटून पुढचा पेशंट आधी घेतला.