वर्धा रोडचा फ्लॅट की दहा वर्षांचं फिरणं?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. वय ५७, मस्कतला २४ वर्षं नोकरी, गेल्या जुलैत कायमचे नागपूरला परत. त्रिमूर्तीनगरात स्वतःचं दुमजली घर, कर्ज नाही, मुलगी कमावती. गाठीशी १ कोटी ६० लाख, बहुतेक एनआरई (परदेशस्थ भारतीयांसाठीच्या) ठेवींमध्ये. घरखर्च महिन्याला ५० हजार. शिवाय दोघांना पुढची दहा वर्षं दरसाल ४ लाखांचं फिरायचं आहे. साळे म्हणतात, वर्धा रोडला ९५ लाखांचा फ्लॅट घ्या, २२ हजार भाडं येईल, त्यात फिरा.

फ्लॅट घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून तो फ्लॅट १ कोटी २ लाखांच्या घरात जातो. वर्षातला एखादा महिना तो रिकामा राहील. सोसायटीचा मेंटेनन्स, घरटॅक्स, रंगरंगोटी वजा करता हाती दोन लाख पडतील. उरलेल्या ५८ लाखांवर साडेसहा टक्क्यांनी पावणेचार लाख, तेही कर भरण्याआधी. म्हणजे आवक पावणेसहा लाख आणि गरज दहा लाखांची. तूट मुद्दलातून भराल, महागाईने ती वाढत जाईल आणि सात-आठ वर्षांत रोकड संपेल. मग पासष्टीत फ्लॅट विकायला गिऱ्हाईक शोधत बसायचं. त्याआधी काय बंद होईल हे तुम्हालाही माहीत आहे: फिरणं.

तुम्ही पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मी बराच वेळ पाहिला. ‘१९८७, जीटीच्या जनरल डब्यातून मद्रास’, आणि खाली चहा-इडलीपर्यंतचा खर्च निळ्या शाईत. इतकी वर्षं जो माणूस प्रवासाचा असा हिशेब ठेवतो, त्याने फिरण्याचे पैसे ‘उरले तर’ या खात्यात टाकू नयेत. गुडघे साथ देताहेत तोवरची वर्षं मोजकी असतात. ती आधी राखून ठेवा.

म्हणून ३६ लाख फक्त फिरण्याचे; दहा वर्षांच्या ४० लाखांतलं बाकीचं व्याजातून भागेल. दरवर्षी एक मुदत पूर्ण होईल अशा ठेवींमध्ये ते विभागा. १२ लाख अडीअडचणीला, हाताशी. उरलेल्या १ कोटी १२ लाखांतून वर्षाचा सहा लाखांचा घरखर्च काढणं जरा ताणाचं आहे, कारण तुम्हाला पेन्शन नाही आणि वहिनी तुमच्याहून लहान आहेत. वरचा मजला भाड्याने द्या. बारा हजार आले तरी ताण बराच कमी होतो, आणि त्यासाठी नवा रुपया गुंतवावा लागत नाही. या रकमेतले तीसेक टक्के म्युच्युअल फंडांत असू द्या, नाहीतर महागाई ठेवींना खाऊन टाकेल. साठी पूर्ण झाली की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला हातात येतं.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात करा. परत येऊनही तुमच्या ठेवी एनआरई म्हणूनच चालू आहेत. कायमचे परतल्यावर बँकेला कळवून त्या निवासी खात्यात किंवा आरएफसी (परतलेल्यांसाठीच्या परकीय चलनाच्या) खात्यात बदलाव्या लागतात, आणि एनआरईच्या व्याजावरची करमाफी परतल्यापासून लागू राहत नाही. यंदाच्या विवरणपत्रात हे व्याज दाखवा. आपल्याकडे परतलेले कित्येक जण हे वर्षानुवर्षं टाळतात आणि नोटीस आली की धावपळ करतात.

मस्कतच्या बँकेतले ९ हजार रियाल तसेच ठेवायला कायद्याची हरकत नाही. इतकी वर्षं बाहेर राहिल्यामुळे साधारण दोन आर्थिक वर्षं तुम्ही ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ या दर्जात बसाल. तोवर तिथल्या व्याजावर इथे कर नाही. पुढे कर लागेल, आणि ते खाते विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावं लागेल. मी तुमच्या जागी असते तर ही रक्कम आरएफसी खात्यात डॉलरमध्ये ठेवली असती. परदेशातली हॉटेलं, तिकिटं त्यातूनच भागवायची. रुपया घसरला तरी त्या सहलीचं बजेट कोलमडत नाही.

कंपनीचा आरोग्य विमा सुटलाय आणि तुम्हाला बीपी आहे. दोघांची पॉलिसी लगेच घ्या. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बीपी लपवू नका, क्लेम तिथेच अडकतात.

साळ्यांना टोकनचं अजून काही बोलला नसाल तर आजच नाही म्हणा. आणि बँकेत जाताना पासपोर्ट सोबत न्या, जुलैतल्या परतीचा शिक्का असलेल्या पानाची झेरॉक्सही काढून ठेवा.