मुलावर गुन्ह्याची नोंद आहे, त्याला कायद्याला प्रवेश मिळेल का?

प्रश्न : माझा मुलगा बारावीला, कला शाखेत आहे. तो 16 वर्षे 4 महिन्यांचा असताना कॉलेजबाहेर झालेल्या मारामारीत त्याच्याकडून दुसऱ्या एका मुलाचा हात मोडला. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेले आणि समुपदेशन व समाजसेवेचा आदेश होऊन मिटले. त्याला त्या मुलाला भेटायचे होते, आम्ही जाऊ दिले नाही. आता त्याने पहिल्या पाचांतल्या एखाद्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जावे, म्हणजे हा डाग कायमचा पुसला जाईल, असे मला वाटते. दोन क्लास लावले आहेत. सराव चाचणीत गुण कमी आले की मी त्याला त्या संध्याकाळची आठवण करून देतो; त्याशिवाय तो अभ्यासाला बसत नाही. नोंद असताना प्रवेश आणि पुढे वकिलीची सनद मिळेल का? ओळखीचे एक गृहस्थ कोणतीही नोंद नसलेला पोलिसांचा चारित्र्य दाखला काढून देतो म्हणतात, तो घ्यावा का? गेल्याच महिन्यात मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली. (एक वडील)

उत्तर : तुमचा प्रश्न प्रवेशाचा आहे, पण मला काळजी वाटली ती सराव चाचणीनंतरच्या तुमच्या त्या आठवण करून देण्याची. सोळाव्या वर्षी केलेल्या चुकीचा हिशेब मंडळाने पूर्ण केला, मुलाने आदेशाप्रमाणे समाजसेवाही केली असणार, आणि तरीही तर्कशास्त्राच्या प्रश्नांत चार गुण कमी पडले की ते प्रकरण घरात पुन्हा उघडले जाते. ज्या मुलाला प्रत्येक चुकीनंतर ‘तू मुळातच असा आहेस’ हे ऐकावे लागते, तो काही दिवस भीतीने अभ्यास करतो आणि नंतर एक तर खोटे बोलू लागतो किंवा पुस्तक उघडणेच सोडतो. तुमच्या मुलाचे यांपैकी काय चालले आहे, ते पत्रावरून कळत नाही. पत्रात त्याचे स्वतःचे म्हणणे असे एकच वाक्य आहे, त्याला त्या मुलाला भेटायचे होते, आणि त्याच वाक्यात तुम्ही त्याला थांबवल्याचेही लिहिले आहे.

त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. ज्याचा हात मोडला तो मुलगा आता कसा आहे, त्याचा हात पूर्ववत झाला का, त्याचे वर्ष वाया गेले का, यांपैकी काहीही तुम्ही लिहिलेले नाही. ते विचारावेसे वाटले ते फक्त तुमच्या मुलाला. भीतीपोटी तुम्ही त्याला अडवले असेल, तेव्हा प्रकरण सुरू असल्याने वकिलानेही तसेच सुचवले असेल, हे मी समजू शकतो. परंतु आता प्रकरण संपले आहे. मंडळाच्या परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांमार्फत समोरच्या कुटुंबाला विचारून घ्या, त्यांची तयारी असेल तरच आणि ते म्हणतील त्या ठिकाणी भेट होऊ द्या. त्यांनी नकार दिला तर तो मुकाट्याने मान्य करा. ही भेट प्रवेशाच्या निवेदनात लिहिण्यासाठी नको, हेही सांगून ठेवतो, कारण असा सल्ला देणारे समुपदेशक आता निघाले आहेत.

आता गैरसमजाकडे येतो. नोंद असली की कायद्याचे शिक्षण आणि सनद दोन्ही बंद, हे तुम्ही गृहीतच धरले आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 नुसार, ज्या बालकाचे प्रकरण या कायद्याखाली हाताळले गेले त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही, आणि संबंधित नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याची तरतूदही तिथेच आहे. यातला अपवाद सोळा वर्षांवरील अशा मुलांचा आहे ज्यांच्यावर निर्घृण गुन्ह्यासाठी बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालतो. तुमच्या मुलाचे प्रकरण मंडळापुढेच सुरू झाले आणि तिथेच संपले, त्यामुळे हा अपवाद त्याला लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील नेमणुकीच्या एका प्रकरणात, अल्पवयातला आरोप पुढे उमेदवाराच्या विरोधात वापरता येणार नाही, अशीच भूमिका घेतली आहे. सनदेचे म्हणाल, तर अधिवक्ता अधिनियम, 1961 मधील कलम 24-अ हे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना रोखते, आणि तिथेही सुटकेनंतर दोन वर्षे उलटली की ती अपात्रता संपते. म्हणजे प्रौढ गुन्हेगारालाही कायदा जे दार कायमचे बंद करत नाही, ते तुम्ही तुमच्या मुलासाठी मनातल्या मनात लावून घेतले आहे.

अर्थात, यावरून फॉर्मवर डोळे मिटून ‘नाही’ लिहावे असा अर्थ काढू नका. वकिली व्यवसायाचे आणि विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या भारतीय बार कौन्सिलने सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकाने विधी महाविद्यालयांना सूचना दिली की विद्यार्थ्यांकडून प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर), सुरू असलेला खटला, दोषसिद्धी, निर्दोष मुक्तता यांबद्दल घोषणापत्र घ्यावे, आणि माहिती दडवल्यास अंतिम गुणपत्रक व पदवी रोखली जाऊ शकते. म्हणजे हा प्रश्न प्रवेशाच्या दारात नाही आला, तरी पाचव्या वर्षाच्या शेवटी नक्की येणार. तेव्हा मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत आजच मिळवा, बाल न्याय मंडळापुढे काम करणाऱ्या वकिलाकडून कलम 24 संदर्भात लेखी मत घ्या, आणि प्रत्येक फॉर्मवरचा प्रश्न शब्दशः वाचून त्या मतानुसार उत्तर द्या. नोकरीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये जे निकष घालून दिले, त्यांत कोवळ्या वयातल्या किरकोळ गुन्ह्याकडे काणाडोळा करण्याची मुभा आहे, पण जाणूनबुजून माहिती दडवली किंवा खोटी दिली तर उमेदवारी रद्द होऊ शकते.

राहिले ते दाखला काढून देणारे गृहस्थ. त्यांना आजच नमस्कार करा. निकाली निघालेल्या प्रकरणातली बालकाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करू नये, असे त्याच अधिनियमाचे कलम 74 सांगते. म्हणजे कायद्याने जे फुकट दिले आहे, ते हे गृहस्थ तुम्हाला पैसे घेऊन विकू पाहत आहेत, आणि तेही खोट्या कागदाच्या रूपात. शिवाय तुमचा मुलगा आता अठरा वर्षांचा आहे. मारामारीच्या वेळी त्याला जे संरक्षण होते, ते बनावट दाखल्यावर सही करताना असणार नाही. जुने प्रकरण मिटवण्याच्या नादात तुम्ही त्याच्या हातून आयुष्यातला पहिला प्रौढ गुन्हा करून घ्याल, आणि तोही फसवणुकीचा, ज्याच्यावर नैतिक अधःपतनाचा शिक्का अगदी सहज बसतो.

परीक्षांची माहिती तुमच्या क्लासने दिलीच असेल : क्लॅट या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेला दोन तासांत 120 प्रश्न आणि चुकीला पाव गुण वजा, दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी, राज्यातील इतर महाविद्यालयांसाठी राज्याची एमएच-सीईटी. क्लॅटला कमाल वयोमर्यादा नाही, त्यामुळे यंदा जमले नाही तर पुढच्या वर्षी देता येते.

पहिल्या पाचांचा हट्ट मात्र सोडा. नामांकित विद्यापीठाची पाटी लागली की नातेवाईक ती गोष्ट विसरतील, हा हिशेब तुमचा आहे, आणि त्यासाठी पाच वर्षे अभ्यास करायचा आहे मुलाने. कायद्याच्या अभ्यासात अटक, जामीन, हेतू, शिक्षा हे रोजचे विषय असतात. ज्याने बाल न्याय मंडळाच्या बाकावर आपली पाळी येण्याची वाट पाहिली आहे, त्याला हे वर्ग फार जवळचे वाटू शकतात किंवा असह्यही होऊ शकतात. यांतले काय होईल, ते मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही नाही. त्याला समाजकार्य, मानसशास्त्र किंवा कायद्याशी संबंध नसलेले काहीही करायचे असेल, तर तो पळ काढतो आहे असे समजू नका.

म्हणून पुढचे पत्र त्याने स्वतः लिहावे, आणि ते तुम्ही वाचू नये. त्यात गुण, क्लास, विद्यापीठ यांचा उल्लेख नसला तरी चालेल. तोपर्यंत दोनपैकी एक क्लास बंद करा. कोणता बंद करायचा, ते त्याला ठरवू द्या.