‘सॅमन’ म्हणजे रावस का?

प्रश्न असा: इंग्रजी पाककृती मराठीत आणताना ‘सॅमन’च्या जागी ‘रावस’ लिहिलं तर चालेल का? मेन्यूकार्डावर रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, म्हणून ही शंका.

चालणार नाही. ‘इंडियन सॅमन’ असं पूर्ण नाव आलं तर त्याचं ‘रावस’ करावं, नुसत्या ‘सॅमन’चं करू नये. परक्या किनाऱ्यावर गेलेल्या इंग्रजी बोलणाऱ्यांनी तिथल्या माशांना घरच्या माशांची नावं दिली, त्यातून हा घोळ झाला. ऑस्ट्रेलियातला ‘ऑस्ट्रेलियन सॅमन’ तर तिसराच मासा. न्यूझीलंडमध्ये त्याच माशाला माओरी नावाने ‘काहवाई’ म्हणतात. म्हणजे नाव एक आणि कुळं तीन, त्यांचा आपसात जवळचा संबंध नाही.

अख्खा मासा समोर असेल तर ओळख सोपी आहे. रावसाच्या छातीजवळच्या पराखाली दोन्ही बाजूंना चार-चार सुटे, दोऱ्यासारखे तंतू असतात. शास्त्रीय नावातलं ‘टेट्राडॅक्टिलम’, म्हणजे ‘चार बोटांचा’, ते यांच्यामुळेच. पाच तंतू मोजलेत तर तो दाढा असू शकतो. तो रावसाचाच भाऊबंद. रावसाचं बोथट नाक तोंडाच्या पुढे आलेलं असतं आणि पाठीवर एकमेकांपासून लांब असे दोन पर असतात. खऱ्या सॅमनच्या पाठीवर मुख्य पर एकच. त्याच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, काटे नसलेला एक छोटा मांसल पर. रावसाला हा पर नसतो.

तुकडी कापलेली असेल तर रंग बघा. सॅमन नारिंगी-गुलाबी असतो, मधे चरबीच्या पांढऱ्या रेघा. हा रंग ॲस्टाझँथिन या द्रव्याचा, खाद्यातून आलेला. रावसाचं मांस पांढरट.

भाषांतर फसतं ते इथेच. ‘गुलाबी रंग फिका होईपर्यंत भाजा’ हे वाक्य सॅमनसाठी अचूक आहे. रावसाच्या तुकडीला ते लावायचं कसं? तिथे ‘मांस अपारदर्शक पांढरं होऊन काट्याने (फोर्कने) पापुद्रे सुटेपर्यंत’ असं लिहावं लागतं. मत्स्यशेतीत वाढवलेला सॅमन चांगलाच चरबीदार असतो, त्यामुळे दोन मिनिटं जास्त झाली तरी सांभाळून घेतो. रावसात चरबी कमी, तो कोरडा पडतो. म्हणून ओव्हनच्या कृतीत वरून तेल किंवा लोणी लावायला सांगावं आणि सॅमनची वेळ संपायच्या आधीच तुकडी तपासायला सांगावी.

मूळ कृतीत सॅमन कच्चा किंवा मधे अर्धकच्चा ठेवायला सांगितला असेल, तर रावस पर्याय म्हणूनही सुचवू नका. बाकी कृतींत साहित्याच्या यादीत ‘सॅमन (नसल्यास रावस)’ असं लिहा आणि वर सांगितलेला बदल त्याच पायरीत द्या, शेवटच्या टिपेत नको. तिथवर वाचक पोहोचतो तेव्हा मासा कोरडा झालेला असतो.