टाइप करू नकोस, फोन लाव

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे स्क्रीनशॉट दोन्ही वाचले. मैत्रिणीची मुलाखत बिघडली, तिने रात्री उशिरा तुला कळवलं आणि तू उत्तर दिलंस, "अगं, तुझं नेहमीचंच!" तुझ्या मनात लाड होता. गेल्या खेपेलाही ती अशीच घाबरली होती आणि पुढे सगळं नीट झालं, हे तुला आठवत होतं. पण तिच्यापर्यंत पोचले ते नुसते तीन शब्द. आधीच रडकुंडीला आलेल्या माणसाला त्यात टोमणाच दिसणार. ती हळवी आहे म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही.

हा घोळ तुमच्या पिढीचाच आहे असंही समजू नकोस. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातली मंडळी संगणकावरून एकमेकांना निरोप लिहायची, तेव्हाही थट्टा कुठली आणि खरं कुठलं यावरून गैरसमज व्हायचे. म्हणून १९ सप्टेंबर १९८२ रोजी तिथले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी सुचवलं की थट्टेच्या वाक्यापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस टाकून आडवा हसरा चेहरा काढावा. आजच्या इमोजींच्या किती तरी आधीची ही गोष्ट. इतकी वर्षं झाली, चेहरे शेकड्यांनी वाढले, तरी तुझ्या मैत्रिणीचा गैरसमज झालाच.

याचं कारण मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसतं. काही वाक्यं मनापासूनची, काही उपरोधाची. ती कुणी ईमेलने कळवली, कुणी बोलून. आपला सूर समोरच्याला कळेल अशी खात्री दोघांनाही सारखीच होती. आवाज ऐकणाऱ्यांनी तो बऱ्यापैकी ओळखला. ईमेल वाचणाऱ्यांचा अंदाज मात्र नाणं उडवून सांगावं त्याहून फारसा बरा नव्हता. लिहिताना आपला सूर आपल्या कानात वाजत असतो, त्यामुळे तो कागदावर उतरलाच नाही हे ध्यानातच येत नाही.

आणि धीर द्यायचा असेल तेव्हा तर आवाजाला पर्याय नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी लहान मुलींना अनोळखी माणसांसमोर बोलायला आणि गणितं सोडवायला लावलं. मग काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी ती फोनवर बोलली, काहींना तिने मेसेज पाठवले. भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक उतरलं. मेसेजवाल्या मुलींचं, आईशी अजिबात संपर्क न झालेल्या मुलींसारखंच राहिलं. माया तीच होती, शब्दही आईचेच होते. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो.

मेसेज वाईट, असं मी म्हणत नाही. वेळ ठरवायची, पत्ता कळवायचा, फोटो पाठवायचा, तर त्यासारखी सोय नाही. ज्यांना ऐकू येत नाही किंवा बोलताना शब्द अडकतात, त्यांना तर लिहिण्याने केवढी मोकळीक दिली आहे! पण राग, माफी, वाईट बातमी आणि सांत्वन यांतलं काही असेल तर बोटं थांबव. विशेषतः एखादा मेसेज तू तिसऱ्यांदा खोडून लिहायला घेतलास, तर ती गोष्ट बोलायचीच आहे असं समज.

त्या निळ्या खुणांचंही तू लिहिलं आहेस: "तिने वाचलं आणि उत्तर दिलं नाही." मेसेज उघडला, एवढंच ती खूण सांगते. वाचून ती रडली, चिडली की तेवढ्यात तिला कुणी हाक मारली, हे त्या खुणेत नसतं. त्यावरून रात्रभर तर्क लढवत बसू नकोस. जमत असेल तर त्या खुणा बंदच करून टाक.

आता तिला फोन लाव. "माझ्या बोलण्याचा असा अर्थच नव्हता" इथून सुरुवात करू नकोस, नाहीतर तिला तुझीच समजूत काढावी लागेल. मुलाखतीत काय झालं ते विचार आणि तिला पुरतं बोलू दे. मध्येच ती गप्प झाली तर ती शांतता भरायची घाई करू नकोस. माफी त्यानंतर माग. तिने फोन उचलला नाही, तर "तुझ्याशी बोलायचं होतं, मोकळी झालीस की सांग" एवढंच लिही. खुलासा त्यात घालू नकोस, तो बोलण्यासाठी राखून ठेव.

काय झालं ते मला कळव. फोन केलास तर जास्त आवडेल.

तुझा हितचिंतक