आधी पाण्याची वेळ विचार

प्रिय पोरी,

धुळ्यातल्या पुढाऱ्यांशी, कार्यकर्त्यांशी बोलून शहराच्या राजकारणावर लिहायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. प्रश्नावली वाचली. 'सामाजिक न्यायाबद्दल आपली भूमिका काय?' हा पहिलाच प्रश्न काढून टाक. त्यावरचं भाषण प्रत्येकाकडे तयार असतं. त्याऐवजी विचार, तुमच्या गल्लीत पाणी कितव्या दिवशी येतं आणि किती वाजता?

नकाणे तलाव, तापी योजना, अक्कलपाडा, पाणी कुठून येतं हे कुणीही सांगेल. पण टाकी भरल्यावर कुठला व्हॉल्व्ह आधी उघडतो आणि कुठली वस्ती शेवटी लागते, खरं राजकारण तिथं आहे. शेवटच्या टोकाला रात्री दोनला पाणी आलं तर बाईची झोप जाते, दिवसा आलं तर दिवसाची मजुरी बुडते. त्यात वरच्या घरांनी नळाला मोटर लावली की खाली करंगळीएवढी धार उरते. एकदा रात्री मी एक बाई पाहिली. ड्रममध्ये कोपरापर्यंत हात सोडून उभ्या उभ्या डुलकी घेत होती. पाणी कोपराला लागलं की जागी व्हायची, नळी पुढच्या ड्रमात टाकायची, पुन्हा हात सोडायची.

तुझ्या वयाचा असताना माझ्याकडून चूक झाली होती. एका माजी नगरसेवकानं सांगितलं, 'आमच्या वॉर्डात पाण्याची तक्रार नाही.' मी तसंच छापलं. दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डातल्या बायांनी रस्त्यात अडवलं. 'भाऊ, आमले कोनी इचारं का?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून पुढाऱ्याकडे जायच्या आधी मी त्याच्या वॉर्डातल्या शेवटच्या नळावर जातो.

2011 च्या कायद्यानं महापालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. पण नगरसेविकेच्या घरी गेलीस की बऱ्याचदा यजमानच बोलायला लागतात. त्यांचं ऐकून घे, चहा पी, आणि मग ताईंकडे वळून ताईंनाच विचार. त्या गप्प बसल्या तर तूही गप्प बस. घाई करू नकोस. बोलतात त्या, आणि नेमकं बोलतात.

आणखी एक. 2018 ला निवडून आलेल्यांची मुदत डिसेंबर 2023 मध्ये संपली आणि प्रशासक आला. नगरसेवक नव्हते त्या काळात गटार तुंबली की लोक कुणाच्या दारात जायचे, हे प्रत्येकाला विचार. जे नाव तीन-चार जणांच्या तोंडून येईल, त्या माणसाला भेट, मग त्याच्याकडे पद असो वा नसो.

कागद हवे असतील तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये फी, एकच विषय, अर्ज दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला तीस दिवस. 'पाणी का येत नाही' असं लिहू नकोस, व्हॉल्व्ह उघडण्याचं वेळापत्रक माग.

31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावरही जा. 1937 साली बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा तिथं मुक्कामाला होते, म्हणून दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात. तिथं मुलाखत घेऊ नकोस. डबा उघडून बसलेल्या माणसांत नुसती बस.

सुरुवात मात्र टाकीपासून कर. पहाटे लवकर जा. व्हॉल्व्ह उघडायची लोखंडी चावी घेऊन एक माणूस निघेल. त्याच्याबरोबर चाल, वही नंतर काढ.

तुझा,
काका