जीएनएम (नर्सिंगची पदविका) होऊन पाच वर्षे झाली, पगार 18,000 रुपये. वॉर्डाच्या पलीकडे नर्सिंगमध्ये पुढे कसे जाता येईल?

तुमचे वय 27 आहे, पुण्यातील 120 खाटांच्या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात तुम्ही पाच वर्षे काम करत आहात आणि नाईट ड्युटीला कंटाळून आता टीपीएच्या (आरोग्य विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) टेबलावर बसण्याचा विचार करत आहात, असे तुम्ही लिहिले आहे. मीही जीएनएमच आहे. पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जीएनएमनंतरची नर्सिंग पदवी) केले आणि आता संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून काम करते. वॉर्ड जरूर सोडा, परंतु रुग्णाशेजारी उभे राहून जे शिकलात ते जिथे उपयोगाला येणार नाही, अशा खुर्चीसाठी सोडू नका, असे मला मनापासून वाटते.

आधी पगाराचे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 मधील निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने अशी शिफारस केली की, 200 हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी परिचारिकांना राज्य सरकारी परिचारिकांइतके वेतन द्यावे, 100 ते 200 खाटांच्या रुग्णालयांत ते फार तर 10 टक्क्यांनी आणि 50 ते 100 खाटांच्या रुग्णालयांत 25 टक्क्यांनी कमी असावे, आणि त्याहून लहान रुग्णालयांतही ते 20,000 रुपयांच्या खाली नसावे. महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगानुसार अधिपरिचारिकेचे (स्टाफ नर्सचे) मूळ वेतन 35,400 रुपयांपासून सुरू होते. भत्ते बाजूला ठेवून त्यातून 10 टक्के वजा केले, तरी 31,860 रुपये होतात. केवळ शिफारशीच्या बळावर एकट्या परिचारिकेला हा पगार मिळवता येत नाही, हे खरे. पण पगारवाढीची बोलणी करताना हा आकडा मनात असला की मान खाली जात नाही. माझ्या एका जुन्या रुग्णालयात मला इन्चार्ज केले, 22 खाटांची जबाबदारी दिली आणि पगार महिन्याला फक्त 1,000 रुपयांनी वाढवला. ते मी निमूटपणे स्वीकारले, याचे मला आजही वाईट वाटते. पदाबरोबर वाढीव वेतनाचे पत्र हातात पडल्याशिवाय तुम्ही इन्चार्जशिप घेऊ नका.

आता कामाविषयी. लघवीची पिशवी जमिनीला टेकलेली दिसली की तुम्ही ती न सांगता उचलून नीट अडकवता. संसर्ग नियंत्रणात हीच नजर मोजमापाला जोडावी लागते: महिनाभरात कॅथेटर (लघवीची नळी) किती रुग्णांना किती दिवस होते, त्या एकूण दिवसांत संसर्ग किती झाले, आणि दर हजार कॅथेटर-दिवसांमागे ते प्रमाण किती पडते. प्रमाण वाढले तर कारण शोधायला पुन्हा खाटेशीच जावे लागते. हात धुतले जातात का, कॅथेटरची गरज संपल्यावरही तो तसाच ठेवला आहे का, हे पाहावे लागते. वापरलेली सुई चुकून टोचलेल्या सिस्टरला एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत, सुरू व्हावे यासाठी धावपळ करणे हेही याच कामात येते. एनएबीएच (रुग्णालयांच्या गुणवत्तेचे) मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना हे काम जाणणारी परिचारिका लागतेच. अतिदक्षता विभागातली पाच वर्षे इथे फार मोलाची ठरतात.

शिकवण्याची आवड असेल तर वाट लांब आहे: दोन वर्षांचे पोस्ट बेसिक, मग दोन वर्षांचे एम.एस्सी. या काळात पगार बंद होतो आणि फी मात्र भरावी लागते, म्हणून घरच्यांशी हिशेब मांडूनच निर्णय घ्या.

मात्र तुमच्या वयाकडे पाहता सर्वांत आधी एम्सच्या नॉरसेट या परिचारिका भरती परीक्षेचा विचार करावा. दोन वर्षांचा अनुभव असलेल्या जीएनएमनाही ती देता येते, निवड झाल्यास मूळ वेतन 44,900 रुपयांपासून सुरू होते आणि पुढच्या बढत्यांचा मार्गही ठरलेला असतो. सर्वसाधारण गटाची वयोमर्यादा 30 आहे, म्हणजे तुमच्या हाती फार वर्षे नाहीत. त्यासाठीचा अनुभव किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला असावा लागतो. तेव्हा खाटांची संख्या, विभाग आणि रुजू झाल्याची तारीख स्पष्ट लिहिलेले अनुभव प्रमाणपत्र याच महिन्यात मागून घ्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण राहिले असेल तर तेही करून घ्या.